हवापाणी

बदली होऊन नव्या गावी आलेल्या माणसाला पहिल्या पंधरवड्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो : "इथले हवापाणी मानवले ना?" विचारणाऱ्याला उत्तराची फारशी उत्सुकता नसते; 'हो, छान आहे' एवढे म्हटले की त्याचे समाधान होते आणि संभाषण सरकारी बंगल्याच्या गळक्या छपराकडे वळते. आम्ही मात्र बत्तीस वर्षांच्या नोकरीत आणि अकरा बदल्यांत ह्या प्रश्नाचा पिच्छा सोडलेला नाही. हवापाणी मानवते म्हणजे नेमके काय होते? पाणी आपल्याशी जमवून घेते, की आपण पाण्याशी? आणि एका जागची चव दुसऱ्या जागी नेता येते काय? ह्या प्रश्नांचा जो थोडाबहुत उलगडा आम्हांस झाला, तो निरनिराळ्या देशांच्या बिअरचे पेले समोर ठेवून झाला.

येथे 'आम्ही' म्हणजे आम्ही एकटेच. फाइलीवर टिपणे लिहून लिहून 'मी' हा शब्द वापरण्याची सवय मोडते, आणि निबंध लिहावयास बसले तरी ती परत येत नाही.

विषयाचे नाव ऐकून काही भुवया उंचावतील. आमचे बालपण ज्या राज्यात गेले तेथे १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि आमच्या घरात तर 'बिअर' हा शब्दही उच्चारला जात नसे. आमच्या बचावाचे दोन मुद्दे आहेत. पहिला असा की, १९६४ च्या वर्तन नियमांतील आठवा नियम केंद्र सरकारच्या नोकराला निव्वळ वाङ्मयीन लेखनाची मोकळीक देतो. प्रस्तुत लेखन वाङ्मयीन आहे की नाही हे वाचकांनी ठरवावयाचे. म्हणजे आमची नोकरी वाचकांच्या हाती आहे. दुसरा मुद्दा अधिक भारदस्त आहे. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त 'सुराध्यक्ष' नावाच्या अधिकाऱ्याला एक सबंध अध्याय दिलेला आहे. कोणते मद्य कशाचे करावे हे तेथे मापांसह सांगितले आहे. त्यांतील 'मेदक' हे पेय पाणी, तांदूळ आणि किण्व यांचे. किण्व म्हणजे धान्य आंबविण्याचे विरजण. धान्य, पाणी आणि विरजण! बिअरची व्याख्या ह्याहून फारशी वेगळी नाही. तेव्हा अधिकाऱ्याने ह्या विषयावर लेखणी उचलणे ही नवी आगळीक नव्हे. दोन हजार वर्षे प्रलंबित राहिलेले ते एक प्रकरण आहे.

आजची बिअर म्हणजे मोड आणून वाळविलेले सातू, हॉप्स नावाच्या वेलीची कडवट फुले, यीस्ट आणि पाणी. बव्हेरियाच्या ड्यूकांनी १५१६ साली काढलेल्या फर्मानात तर सातू, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काही घालू नये असे बजाविले होते. ह्यांपैकी पेल्यात नव्वद टक्क्यांहून अधिक असते ते पाणीच. त्यामुळे बिअरची तुलना म्हणजे गावोगावच्या पाण्याची तुलना, असे आमचे मत बनले. मधल्या काळात ब्रसेल्सला तीन वर्षांची प्रतिनियुक्ती मिळाली आणि ह्या चौकशीला चांगला वाव मिळाला. कारण युरोपात आगगाडीने एका दिवसात तीन देशांचे पाणी बदलता येते. कोणतीही बिअर समोर आली की आम्ही तिला मनातल्या मनात एकच प्रश्न विचारू लागलो : बाई, तुझी बदली झाली तर तू टिकशील काय?

सुरुवात पिल्झेनपासून करणे योग्य होईल. चेक प्रजासत्ताकातील ह्या गावात १८३८ साली नागरिकांनी नासक्या बिअरची छत्तीस पिंपे नगरसभागृहासमोर ओतून दिली. आपल्याकडे अशा प्रसंगी निवेदन देतात आणि चौकशी समिती नेमतात. तेथील लोकांनी स्वतःची ब्रूअरी बांधली आणि बव्हेरियाहून योसेफ ग्रोल नावाचा कारागीर आणला. ५ ऑक्टोबर १८४२ रोजी त्याने पहिली बिअर लावली. तोवरची तेथील बिअर काळपट वा गढूळ असे. ही निघाली सोनेरी आणि आरपार पारदर्शक. ह्याचे श्रेय फिकट भाजलेल्या सातूला आणि झाटेत्सच्या सुवासिक हॉप्सना आहेच. पण पिल्झेनचे पाणी इतके मृदू, इतके क्षाररहित आहे की, त्यात हॉप्सचा कडवटपणा उगाच तिखट होत नाही. तेथील जुन्या तळघरांत, ओकच्या पिंपातून काढलेली, न गाळलेली बिअर पाहुण्यांना देतात. आम्ही ती प्यालो. आधी भाजलेल्या पावाचा गोडवा आला, मग कडवटपणा. आणि तो कडवटपणा समजूतदार पाहुण्यासारखा वेळेवर उठून गेला. आज जगात जी बिअर खपते तिच्यातील बरीचशी ह्याच सोनेरी बिअरची नातवंडे-पतवंडे आहेत. आपल्या शहरांतून बर्फासारख्या गार बाटल्यांत मिळणारी बिअरही त्याच कुळातली. आडनाव सर्वांनी लावले. आजोळचे पाणी मात्र प्रत्येकाला मिळाले नाही.

इंग्लंडमधील बर्टन-ऑन-ट्रेंट येथील पाणी ह्याच्या अगदी उलट. त्या विहिरींच्या पाण्यात जिप्समचा अंश भरपूर. असे कठीण पाणी हॉप्सच्या कडवटपणाला धार लावते. ह्या गावच्या बिअरशी आपले नाते जुने आहे, कारण ती आपल्याच पूर्वसूरींसाठी, म्हणजे साहेबाच्या अमदानीतील बदलीच्या अधिकाऱ्यांसाठी, जहाजांत चढत असे. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातील जॉर्ज हॉजसन याची फिकट एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानात येऊ लागली. १८२२ साली रशियाने आयातकर चढविला, बर्टनची उत्तरेकडील गिऱ्हाइके तुटली आणि तेथील भट्टीवाल्यांनी आपले तोंड पूर्वेकडे वळविले. आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने प्रवास, त्यात विषुववृत्त दोनदा ओलांडावयाचे! एवढ्यात ती टिकावी म्हणून तिच्यात हॉप्स सढळ हाताने घालीत. कारण हॉप्स बिअरला नासू देत नाहीत. गोरे शिपाई काळी पोर्टर पीत, आणि फिकट कडवट एल साहेबांच्या टेबलावर जाई. पुढे गंमत अशी झाली की, प्रवासासाठी घातलेला हा कडवटपणा जे कधी घराबाहेर पडले नव्हते अशा इंग्रजांनाही आवडू लागला. 'इंडिया पेल एल' ह्या नावाने तो आज जगभर पितात. दूरदूरच्या नेमणुकांत कडवट झालेल्या, परंतु त्यामुळेच न नासलेल्या काही ज्येष्ठ सहकाऱ्यांची आम्हांस तिच्या पहिल्या घोटाला आठवण होते.

बर्टनच्या पाण्याचे गुपित रसायनशास्त्राने एकोणिसाव्या शतकातच उलगडले. इतर गावचे कारागीर आपल्या पाण्यात जिप्सम मिसळून घरबसल्या बर्टनचे पाणी तयार करू लागले. म्हणजे पाण्याची बदली होऊ शकते. फक्त योग्य त्या सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी लागते.

साहेबांनी दुसरीही एक वाट धरली. बिअर घरून आणविण्याऐवजी घरच्यासारखे थंड हवापाणी शोधीत ते हिमालयात चढले. कसौलीला एडवर्ड डायर याने ब्रूअरी काढली. मरीला १८६० साली दुसरी निघाली; ती आज सरहद्दीपलीकडे रावळपिंडीत चालू आहे. ह्याच एडवर्ड डायरचा मुलगा रेजिनाल्ड डायर, १९१९ च्या जालियनवाला बागेतला. परक्या मुलखात घरचे पाणी शोधणाऱ्या बापाबद्दल आम्हांस सहानुभूती वाटू लागते, तोच मुलाचे नाव आठवते आणि घोट घशाशी थांबतो. मुलखाचे पाणी आवडणे आणि मुलखातली माणसे आपली वाटणे, ह्या दोन गोष्टी एक नव्हेत, हा धडा सर्वच बदलीवाल्यांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे.

डब्लिनला गेल्यावर आमच्यातील सरकारी माणूस अधिकच सुखावला. आर्थर गिनेस याने १७५९ साली तेथील जागा नऊ हजार वर्षांच्या भाडेपट्ट्याने घेतली, वार्षिक भाडे ४५ पौंड! मुदतवाढीची कटकट नको असा विचार असावा. ह्याच ब्रूअरीत विल्यम गॉसेट नावाचा नोकर होता. थोड्या नमुन्यांवरून सबंध मालाचा अंदाज कसा बांधावा ह्याची रीत त्याने शोधून काढली. पण नोकरांनी स्वतःच्या नावाने संशोधन छापू नये असा तेथील नियम, म्हणून त्याचा १९०८ चा लेख 'स्टुडंट' ह्या टोपणनावाने प्रसिद्ध झाला. टोपणनावाने लिहिणाऱ्या आपल्यातील अनेक अधिकाऱ्यांनी ह्याला कुलदैवत मानण्यास हरकत नाही. गिनेस काळी, तिच्यात भाजलेल्या सातूचा असा वास की, आम्हांस मद्रासच्या नेमणुकीतील डिकाक्शन कॉफी आठवावी. पेला दोन टप्प्यांत भरतात, आणि मधल्या थांब्यात गिऱ्हाइकाने मुकाट्याने फेस वर चढताना पाहावयाचे असते. गिनेसला प्रवास मानवत नाही असे आयरिश लोक पूर्वापार म्हणत आले आहेत. २०११ साली काही संशोधकांनी १४ देशांतील ३३ शहरांत ती पिऊन पाहिली आणि गुण दिले. आयर्लंडमध्ये शंभरांपैकी ७४, बाहेर ५७. गॉसेटच्या वारसांनीच हा निकाल संख्याशास्त्राने पडताळला. आम्ही ते आकडे वाचले तेव्हा सतरा गुणांचा हा फरक आमच्या ओळखीचा वाटला. सणावाराला परगावी केलेल्या पुरणपोळीत पुरण तेच, कणीक तीच, हातही तोच असतो. सतरा गुण मात्र कुठेतरी गळून पडतात.

जर्मनीत कलोनला गेलो तेव्हा निराळाच अनुभव आला. तेथील कोल्श ही बिअर, सामान्यतः पाव लिटरहूनही लहान अशा उभट पेल्यातून देतात. पेला रिकामा झाला की वाढपी न विचारता दुसरा आणून ठेवतो आणि पेल्याखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. नको असेल तर ती चकती पेल्यावर पालथी घालावयाची. आम्हांस हे कोणी समजावून सांगावे लागले नाही. पंक्तीत 'पुरे, पुरे' म्हणून पानावर आडवा हात धरणाऱ्या आणि तरीही वाढणाऱ्याने घातलेला लाडू मुकाट्याने खाणाऱ्या माणसाला ही रीत उपजतच समजते. कोल्श फार मोठी बिअर आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण आग्रहाची चव तिच्यात होती, आणि त्या रात्री आम्हांस परमुलखात असल्याचे भान राहिले नाही.

आता ब्रसेल्स. ह्या शहराभोवतीच्या सेन नदीच्या खोऱ्यात 'लाम्बिक' नावाची बिअर होते. तिच्यात यीस्ट घालीतच नाहीत. गहू आणि सातू उकळून काढलेला काढा छपराखालच्या पसरट हौदात रात्रभर उघडा ठेवतात. हवेत तरंगणारे रानटी यीस्ट आणि जंतू त्यात उतरतात आणि तो आपोआप आंबू लागतो. मग ओकच्या पिंपांत एक, दोन, तीन वर्षे मुरवितात, आणि जुनीनवी एकत्र करून 'गझ' बनवितात. ब्रसेल्समधील कान्तियों ह्या १९०० सालच्या ब्रूअरीत कोळ्यांची जाळीसुद्धा झाडीत नाहीत. कोळी माश्यांचा बंदोबस्त करतात आणि हवा जशीच्या तशी राहते. पहिला घोट घेतला तेव्हा चिंचेच्या कोळाने दात आंबावेत तसे झाले. दुसऱ्याला ओल्या गवताचा वास आला. तिसऱ्यानंतर मात्र आम्ही तिचे भक्त झालो. येथे जिप्समची पुडी उपयोगी नाही. पाणी बनविता येते. हवा कशी नेणार? बदलीला सर्वस्वी अपात्र अशी ही एकच बिअर आम्हांस भेटली, आणि तिचा आम्हांस हेवा वाटला. जन्मला तेथेच मुरला, असे भाग्य कोणाला लाभते?

परंतु ह्या हेव्याला पुढे तडा गेला. लाम्बिक लावावयास थंड रात्री लागतात. ऑक्टोबर ते एप्रिल हाच तिचा हंगाम. अलीकडे हवामान तापत चालले आहे आणि तशा रात्री कमी होत आहेत. म्हणजे जो गाव सोडीत नाही, त्याला त्याचे गावच हळूहळू सोडून जाते. आमचे गाव कृष्णाकाठचे. तेथे राहिलेल्या थोरल्या बंधूंना आम्ही वर्षानुवर्षे भाग्यवान समजत आलो. गेल्या खेपेस गेलो तेव्हा वाड्यातील आड बुजविलेला होता, नळाला चार मैलांवरून आणलेले औषधी वासाचे पाणी होते, आणि बंधू म्हणाले, "तुला जे पाणी आठवते ना, ते आम्हांलाही आठवतेच रे, बाळ!" त्यांची एकदाही बदली झाली नव्हती.

हे सारे आता आठवण्याचे कारण असे की, आमच्या निवृत्तीस अठरा महिने उरले आहेत. कोठे राहावयाचे हा प्रश्न घरात रोज निघतो. मुलीचा जन्म शिलाँगचा. मुलगा तमिळमध्ये भांडावयास शिकला. गावचा वाडा की पुण्यातील फ्लॅट, ह्यावर आमचे आणि सौभाग्यवतींचे एकमत नाही. पुण्याच्या बाजूने आम्हांस एकच मुद्दा सुचला. २००९ साली तेथे 'डूलाली' नावाची लहानशी ब्रूअरी निघाली आणि ताजी बिअर पेल्यात मिळू लागली. हे नाव आपल्या नाशिकजवळच्या देवळालीचे. तेथील छावणीत मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहात महिनोन्‌महिने बसत, आणि कंटाळ्याने व उन्हाने काहींचे डोके फिरे. त्यावरून इंग्रजीत वेड लागण्यालाच 'देवळाली' म्हणू लागले. हा मुद्दा आम्ही मांडताच सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, ती छावणी सध्या आपल्याच घरात आहे." त्यांचे म्हणणे यथार्थ होते.

आमची ही शेवटची नेमणूक सिक्कीममध्ये आहे. मागील हिवाळ्यात कार्यालयातील एका सहकाऱ्याने आम्हां उभयतांना घरी बोलाविले. हा गृहस्थ लिंबू जमातीचा. नावाचा फळाशी काही संबंध नाही. त्याच्या आईने आमच्यापुढे तोंगबा आणून ठेवली. पूर्व नेपाळ आणि सिक्कीम येथील ही बिअर. लाकडी नळकांड्यात आंबविलेले धान्य गच्च भरलेले, वरून कढत पाणी, आणि ओढून पिण्यास बांबूची बारीक नळी. धान्य शिजवून त्यात 'मर्चा' नावाची विरजणाची वडी घालतात आणि मुरू देतात. कौटिल्याचे किण्व ते हेच, असे आम्ही मनाशी म्हणालो. धान्याला नेपाळीत 'कोदो' म्हणतात. सौभाग्यवतींनी चार दाणे तळहातावर घेऊन पाहिले, भीतभीत एक घोट ओढला, आणि क्षणभर काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "अहो, ही तर आपली नाचणी! सासूबाईंची आंबील!"

तशी ती होती. दारूचे नाव न उच्चारणाऱ्या आमच्या घरात मडक्यात नाचणीचे पीठ आंबत असे आणि त्याचा तोच आंबूस, उबदार वास माजघरभर पसरे. आंबिलीत ताक असे आणि तोंगबेत नशा होती, एवढा फरक आम्ही मान्य करतो. पण पिल्झेन, बर्टन आणि डब्लिन यांना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ह्या लाकडी नळकांड्यात होते. ह्या बिअरीत पाणी अगोदरपासून नसतेच. धान्य तळाशी असते. पाणी ज्या घरी बसाल त्या घरचे. पहिले पाणी संपले की दुसरे ओततात, दुसरे संपले की तिसरे. दर वेळी पाणी नवे, दर वेळी चव थोडी सौम्य. पण चव धान्याचीच. बत्तीस वर्षांत आमच्यावर अकरा गावांचे पाणी ओतले गेले. मराठी सौम्य झाले असेल, मुलांचे तर फारच झाले आहे. तळाशी काय उरले आहे ते मात्र त्या संध्याकाळी आम्हां दोघांनाही कळले.

वाडा की फ्लॅट हे अजून ठरलेले नाही. पूर्वीइतके ते महत्त्वाचे वाटत नाही, एवढे खरे. कोठेही गेलो तरी पाणी नवेच असणार, गावचेसुद्धा. आणि ते आपणहून नळकांड्यात येत नाही, कढत असावे लागते आणि कोणीतरी ओतावे लागते. ज्या गावी तसे ओतणारे कोणी भेटले, तेथील हवापाणी आम्हांस मानवले. ज्या गावी भेटले नाही, तेथे उत्तम झऱ्याचे पाणीही बाधले.

नळीतून नुसती हवा येऊ लागली तसा आम्ही पानावर धरतात तसा नळकांड्यावर आडवा हात धरला. सहकाऱ्याच्या आईला मराठी येत नव्हते. तिने आमचा हात हलकेच बाजूला केला आणि किटली कलती केली.